पाकेरच्या बायकांचे केस

पाकेरच्या गिरणीपुढे सकाळी आठलाच पस्तीस-चाळीस बायका जमल्या होत्या आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. अशा वेळी कुंदाच्या कानातला दुभाषी हात टेकायचा. एकेकीचं बोलणं तो चटकन मराठीत आणून द्यायचा आणि तिचं त्यांना त्यांच्या भाषेत ऐकवायचा, पण एवढा कालवा झाला की त्याच्याकडून नुसते तुकडे यायचे. "माजा नंबर... सरक की मागं... तुज्या सासूला सांग जा..."

दुभाष्याला ही बोली तिनेच शिकवली होती. कारखान्यातून आला तेव्हा तो बातम्या वाचल्यासारखं बोलायचा. एखादी बाई टोपलं आपटून ओरडली की हा कानात शांतपणे म्हणायचा, "आपल्या वर्तनाने मी व्यथित झाले आहे." कुंदा बार्शीची. तिने दोन मावश्यांच्या गप्पा तासन् तास ध्वनिमुद्रित केल्या आणि त्याला पाजल्या. तेव्हापासून दक्षिण सुदानमधल्या या नदीकाठच्या बायका तिच्याशी थेट मावश्यांसारख्या बोलू लागल्या.

"आलीस व्हय, मामा कुंदा?" न्यालुआकने गिरणीच्या दारातून हाक दिली. तिकडे पोक्त बाईला 'मामा' म्हणतात. पहिल्या वर्षी कुंदाला हसू यायचं. आता बार्शीत कुणी 'काकू' म्हटलं की हाक दुसऱ्याच कुणाला मारली असं वाटायचं.

"आले."

"वाळलीस गं. तिकडं जेवाय घालत न्हाईत का?"

न्यालुआक गिरणी चालवायची. पन्नाशीची, उंच, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. पाच वर्षांपूर्वी कुंदाने तिला प्रथम पाहिलं ते निर्वासितांच्या छावणीत. तेव्हा ती प्रश्नाला उत्तर द्यायची, पण एका वेळी एकच शब्द. आता तिला थांबवायला गिरणीचा आवाज पुरत नव्हता.

गिरणीची जागा कुंदाने निवडली होती. नदीच्या दोन काठांवरची माणसं वीस वर्षं एकमेकांना मारत होती. तह झाल्यावर कुंदाच्या मदतसंस्थेने विचारलं, इथे काय उभारायचं? शाळा म्हटली तर कुठल्या काठावर, यावरून पुन्हा बंदुका निघाल्या असत्या. कुंदाने पाहिलं की दोन्हीकडच्या बायका ज्वारीच खातात आणि रोज तीन तास दगडावर गुडघे टेकून ती भरडतात. लहानपणी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला याहून जास्त संशोधनाची गरज नव्हती. नदी जिथे उन्हाळ्यात पायी ओलांडता येते तिथे, उंचवट्यावर, उन्हावर चालणारी गिरणी उभी राहिली. नियम एकच. रांगेत एक बाई या काठची, तिच्या मागे एक त्या काठची. दोन मैत्रिणी एकामागे एक उभ्या राहायच्या नाहीत. पहिले सहा महिने रांगेत कुणी कुणाशी बोललं नाही. ज्वारी पडायची, पीठ निघायचं, बायका मुकाट घरी जायच्या.

आता हा कालवा. कुंदाला तो ऐकत बसायला आवडलं असतं. पण तिच्या पिशवीत फणी होती, आणि फणीत पाकेरचा निकाल होता.

*

फणी म्हणजे केस वाचायचं यंत्र. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण दिसते फणीसारखी, म्हणून जगभर प्रत्येक भाषेत लोक तिला फणीच म्हणतात. माणूस धास्तावला की शरीरात एक रस वाढतो. धावायला, लढायला, जागं राहायला तो बळ देतो. रक्तातून तो थोडा थोडा वाढत्या केसात उतरतो आणि तिथेच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कानामागे मुळापासून कापलेला वीतभर केस ही वीसेक महिन्यांची रोजनिशी झाली, आणि तीही जिची तिला न विचारता लिहिलेली. पूर्वी केस कुटून, रसायनात भिजवून हे मोजत. फणी केस प्रकाशाने थराथराने वाचते आणि चार मिनिटांत रेघ काढून देते. रेघ हिरव्या पट्ट्यात असली की माणूस शांत. पट्ट्याच्या वर गेली की काहीतरी बिनसलंय.

दहा वर्षांत फणी सगळीकडे पोचली. लग्न जुळवताना पत्रिकेआधी केस मागू लागले. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तरुण पोरं तुळतुळीत गोटा करून येऊ लागली आणि मग गोट्याचाच संशय येऊ लागला. कुंदाची मुलगी शर्वी नाशिकला असते, तिनेही घरगुती फणी आणली होती.

"आई, एक केस दे ना. बघते तू कशी आहेस."

"तोंडाने विचार की."

"तोंडाने तू 'बरी आहे' म्हणतेस."

"मग बरीच असेन."

कुंदाने केस दिला नाही. गावोगाव बायकांचे केस कापत फिरणाऱ्या बाईने स्वतःचा मात्र द्यायचा नाही, हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण कळणं आणि करणं यांच्यात तिने नेहमीच ऐसपैस जागा ठेवली होती.

संस्थेच्या कामात मात्र ती फणीची पहिली पाठीराखी. त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात तिने एका विहिरीचं मूल्यमापन केलं होतं. साठ बायकांना विचारलं होतं, विहिरीवर सुरक्षित वाटतं का? साठही जणी 'हो' म्हणाल्या. तिने 'यशस्वी' लिहिलं. प्रश्न विचारताना झाडाखाली जो माणूस बसला होता, त्यालाच त्या घाबरत होत्या, हे दोन वर्षांनी कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणून फणी आली तेव्हा नियम करायच्या बैठकीत कुंदाच आग्रहाने बोलली. ज्या गावात बायकांची रेघ लागोपाठ दोनदा चढेल, तिथला प्रकल्प थांबवायचा. कुणाचंही स्पष्टीकरण ऐकायचं नाही. आपल्याला आपली कामं आवडतात, म्हणून स्पष्टीकरणंही आवडतात. हे वाक्य तिचंच. नियमपुस्तकात छापलेलं.

पाकेरची रेघ लागोपाठ दोनदा चढली होती.

*

दुपारी गिरणी थंड व्हायला ठेवली तेव्हा तिने न्यालुआकला आत घेतलं आणि रेघ दाखवली.

"हे तुम्ही सगळ्याजणी. हे गिरणी सुरू झाली तेव्हाचं. हे आत्ताचं. सारखं चढतंय. कोण त्रास देतंय? खरं सांग. नदीत कुणी अडवतं का?"

"कोन अडिवतंय! म्हशीवानी चालत येतो आमी."

"बंदूकवाले?"

"न्हाई."

"मग एवढी धास्ती कशाची?"

न्यालुआकने रेघेकडे डोकं तिरकं करून पाहिलं. बोटाने जिथून चढ सुरू होत होता ती जागा धरली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बाई! ह्यो तर न्याबोलच्या सोयरिकीचा म्हयना!"

आणि ती दारात जाऊन ओरडली, "ए अडुट! हिकडं ये! तुज्या पायी गिरनी बंद पडतीया!"

अडुट त्या काठची. बारकीशी, तोंडात चिलीम, डोळे मिस्कील. तिच्या मुलाचं आणि न्यालुआकच्या मुलीचं, न्याबोलचं, नऊ महिन्यांपूर्वी या रांगेतच जमलं होतं. पीठ घेऊन आपापल्या काठाला जायचं सोडून दोघं पाण्यात उभी राहून बोलतात, हे आधी रांगेने पाहिलं, आयांनी नंतर. वीस वर्षांत दोन काठांमधलं हे पहिलं लग्न. तिकडे मुलाकडच्यांनी मुलीकडे गुरं द्यायची. कुठली, कुठल्या रंगाची, कुणाच्या गोठ्यातली, यावर महिनोन् महिने घासाघीस चालते. बोलणी खरं तर पुरुषांनी करायची. पण दोन्ही काठांवर बोलण्याजोगे पुरुष फारसे उरले नव्हते, म्हणून ती गिरणीवर येऊन पडली. आणि लग्न दोन घरांचं राहिलं नव्हतं. अख्खा हा काठ मुलीकडचा झाला होता, अख्खा तो काठ मुलाकडचा. रांगेत एकीमागे एक उभं राहायचा नियम असल्यामुळे प्रत्येकीच्या पुढे विरुद्ध पक्ष आणि मागेही विरुद्ध पक्ष.

"त्यो पांढऱ्या तोंडाचा बैल द्यायला हिचा जीव जातोय," न्यालुआक म्हणाली.

"माज्या मालकाचा हाय त्यो," अडुट चिलीम काढून म्हणाली. "त्याच्यावर गानी केल्याली हायती त्येनं. आनि तुजी पोरगी, एवढी वाळकी, तिला पांढऱ्या तोंडाचा?"

"वाळकी? बगा बगा! लग्नाआदी ही असं बोलतीया!"

कुंदाला हसू आवरेना. शर्वीच्या साखरपुड्यात जाऊबाईंनी मानाच्या साडीवरून केलेला तमाशा आठवला. त्या आठवड्यात घरातल्या बायकांचे केस कुणी वाचले असते तर फणीचा धूर निघाला असता.

पण अडुट एकदम गंभीर झाली.

"हसू नगं, मामा. आमाला खरंच झोप न्हाई. हे मोडलं तर काय हुईल, म्हाईत हाय? रांग मोडंल. मग बैल राहतील बाजूला. दोन्ही काठांस्नी धास्ती हाय, पोरांचं नीट हुईल का न्हाई."

"आदी भ्यायला हुतंच काय आमच्याजवळ?" न्यालुआक म्हणाली.

*

संध्याकाळ व्हायच्या आत कुंदाने मुख्यालयात इंग्रिडला गाठलं. इंग्रिड मूल्यमापन विभागाची प्रमुख, कुंदाची वीस वर्षांची सहकारी, भली बाई. पडद्यावर ती मन लावून ऐकत होती.

"गोड आहे," ती शेवटी म्हणाली. "पण कुंदा, प्रत्येक गावात काहीतरी स्पष्टीकरण असतंच. तूच लिहिलंयस."

"मला माहितीय मी काय लिहिलंय."

"त्या विहिरीच्या वेळीही तुला असंच आतून वाटत होतं की सगळं छान आहे."

विहीर खरी होती. आतून वाटणंही खरं होतं.

"दहा दिवस देते," इंग्रिड म्हणाली. "रेघेविरुद्ध रेघ आण. गोष्ट नको."

*

दुसऱ्या दिवशी कुंदाने बायकांना सगळं सांगितलं. यंत्राचा नियम, आपण तो केला हे, आणि गिरणी बंद होईल हे. कालवा थांबला. न्यालुआकने कमरेवर हात ठेवले.

"आमचे केस तू पाच वर्सं कापतीयास. तुजा कुनी कापला?"

"माझा कशाला?"

"का? तुला टक्कल हाय?"

बायका खिदळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढी दोरखंडासारखी वेनी, आनि एक केस देईना! कंजूस!"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. अडुटनेच कात्री घेतली, कानामागची बट धरली आणि मुळाशी कापली. कमरेपर्यंतच्या वेणीतली बट ती. जवळजवळ पाच वर्षांची रोजनिशी. फणी घुमली. सगळ्याजणी ओणव्या झाल्या. चार मिनिटांनी रेघ उमटली.

अर्ध्याहून जास्त रेघ वरखाली उड्या मारणारी, डोंगरासारखी. आणि मग शेवटचे सव्वीस सेंटीमीटर, सव्वीस महिने, सपाट. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी आखल्यासारखी सरळ. फणी गोड आवाजात म्हणाली, "शांत. स्थिर. उत्तम."

"बगा! कशी थंड बाई!" टाळ्या पडल्या.

न्यालुआकने टाळी वाजवली नाही. तिने कुंदाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कोन गेलं गं तुजं?"

कुंदाने तोंड उघडलं. दिनकर गेला त्याला सव्वीस महिने झाले होते. इथे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कामाच्या ठिकाणी आपलं काय सांगायचं. तेराव्यानंतर आठ दिवसांनी ती एका छावणीत केस कापत होती आणि सगळे म्हणत होते, काय सावरली आहे ही.

"नवरा," ती म्हणाली.

"मला वाटलंच." न्यालुआकने फणीचा पडदा आपल्याकडे ओढला. "माजी जुनी रेघ काड. छावनीतली."

कुंदाने काढली. नवरा आणि दोन मुलगे गेल्यानंतरच्या वर्षाची रेघ. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी, आखल्यासारखी सरळ. कुंदाच्या रेघेवर ठेवली असती तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं. शेजारी कुंदाच्याच अक्षरात शेरा होता: 'आश्चर्यकारकरीत्या स्थिर. चिवट समाज.'

"तवा मी शांत न्हवते, मामा. तवा मी दगड हुते. दगडाला काय भ्या?"

कुंदा गिरणीच्या पायरीवर बसली. आठवलं. वाचलं होतं तिने, एका जाड पुस्तकाच्या तळटिपेत. फार मोठा घाव बसला, फार काळ बसत राहिला, की शरीर तो रस करायचंच सोडून देतं. घंटा वाजवून वाजवून थकलेल्या शिपायासारखं. फणी बनवणाऱ्यांनीही ती टीप वाचली असणार. पण पट्टा ठरवताना सगळ्यांनी वरची हद्द आखली. रेघ जास्त खाली गेली तर काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. कमी म्हणजे चांगलं, असं धरून चालले. तीही.

त्या दिवशी तिने गिरणीवरच्या अडतीसही जणींच्या छावणीतल्या रेघा काढल्या. एकेकीला विचारलं, या महिन्यांत कोण गेलं? बायका सांगत गेल्या. या काठच्या सांगताना त्या काठच्या ऐकत होत्या. नावं ऐकताना काहींनी खाली पाहिलं, कारण ती कुणाच्या हातून गेली हे रांगेला माहीत होतं. रांग मात्र मोडली नाही. एकतीस जणींच्या रेघा तशाच सपाट होत्या. आणि एकतीसही गिरणी लागल्यावर, बोलणी सुरू झाल्यावर, हळूहळू वर उठल्या होत्या.

*

"अहवाल उघडा असतो, कुंदा," इंग्रिड म्हणाली. "तुझी रेघ, तुझं नाव. कुणीही वाचेल."

"नाव काढलं तर ती नुसती एक रेघ होते. मग तू म्हणशील गोष्ट नको."

इंग्रिडने पडद्यावर कुंदाची रेघ पुन्हा उघडली.

"तुला म्हटलं होतं मी. किती छान सावरलीस."

"दोनदा म्हणालीस."

"सॉरी."

"अगं, मीही तेच म्हणत होते."

अहवाल गेला. नवव्या दिवशी उत्तर आलं. पाकेरची गिरणी बंद करण्याचा निर्णय सहा महिने स्थगित. हिरव्या पट्ट्याला खालूनही हद्द असावी का, याचा अभ्यास व्हावा. तोवर पाकेरचं मोजमाप कुंदा आगटे यांनी तिथेच राहून करावं. कायमचं काहीच कबूल केलं नव्हतं, पण मुख्यालयाच्या भाषेत हे जवळजवळ मिठी मारणं होतं.

कुंदाने ते गिरणीवर वाचून दाखवलं. न्यालुआकने चाळणी आपटली.

"सहा म्हयने? लग्न चौथ्या म्हयन्यात हाय. त्येंना सांग, त्या म्हयन्यात केस कापाय येऊ नगा. यंत्र फुटंल."

"बैल ठरला?"

"ठरतोय. तू आता आमच्या बाजूनं बस. नवऱ्यामुलाच्या आईला तू सांग, माज्यानं न्हाई सांगवत."

"मी? मी परकी."

"म्हनूनच. तुला शिव्या देता येत न्हाईत तिला."

आणि कुंदा बसली. तासाभरात तिचा आवाज एवढा चढला की दुभाषी मागे पडला आणि अडुटशी ती सरळ मराठीतच भांडू लागली. अडुट तिच्या भाषेत. दोघींचं काही अडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शर्वी. एरवी ती मऊ आवाजात 'आई, जेवलीस का' असं सुरू करायची. दोन वर्षं तिने आईशी चढा शब्द काढला नव्हता, आईला जपायचं म्हणून.

"आई, हे काय आहे?"

"काय गं?"

"पान सत्तेचाळीस! परिशिष्ट तीन! माझी आई दोन वर्षं दगड झाली होती हे मला परिशिष्ट तीनमधून कळतं?"

"शर्वी, अगं मला खरंच वाटत होतं मी बरी..."

"केस मागितला तर नाही दिलास! तिथे सुदानात अख्ख्या गावाला दिलास!"

"कापलाच त्यांनी, कात्री घेऊन..."

"मी रडायची थांबले आई, तुझ्याकडे बघून! म्हटलं, ही एवढी उभी आहे, मी कशाला रडू. बाबांचं नावसुद्धा काढत नव्हते मी तुझ्यासमोर. आणि तू..." पुढचं गिरणीच्या घरघरीत बुडालं.

"काय? नीट ऐकू येत नाही गं!"

"ऐकू येत नाही काय! नेहमी तेच म्हणतेस तू!"

न्यालुआक पिठाचे हात झटकत जवळ आली. फोनमधून येणारा आवाज तिने कान देऊन ऐकला. शब्द कळायची गरज नव्हती.

"कोन वराडतंय?"

"माझी लेक."

"लई झ्याक वराडती," न्यालुआक म्हणाली आणि वळून तिने गिरणीचा दांडा खाली ओढला. दगड घरघरत मंदावले, थांबले. रांगेतून दोन्ही काठांची एकदम ओरड झाली. पीठ अर्ध्यात अडकलं, ऊन उतरलं, आमचा नंबर होता.

"दोन मिंटं थांबा," न्यालुआकने त्यांना दटावलं. "तिची लेक भांडतीया."

रांग गप्प झाली. अडुटने चिलीम तोंडातून काढली. कुंदाने फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणाली, "बोल. आता ऐकू येतंय."